कीबोर्ड आला की आबांचं लिहायला घेणार

१ जून २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेताना लेखक लोक अशी नोंद ठेवतात. पुढे उपयोगी पडते.

काम असं. सकाळी मोहन्याला, वडिलांकडे गेलेलो. आबांनी मुद्दाम बोलावलेलं. हेमाने चहा दिला (धाकटी बहीण, लग्न केलं नाही, आबांना तीच सांभाळते) आणि आबांनी तिला बाहेर जायला सांगितलं. मग म्हणाले, एक लिहून हवंय. जगनच्या वेळचं. स्वतः लिहिलं असतं, पण हात थरथरतो. लिहून झालं की कागद कलावतीबाईला द्यायचा.

मी म्हटलं, हेमाचं अक्षर चांगलं आहे, ती इथेच असते, तिला का नाही सांगत?

"नाही," म्हणाले. "महेंद्र, हे तूच लिहायला पाहिजे."

बरं वाटलं. उशिरा का होईना, बापाने मुलातला लेखक ओळखला. ऑफिसच्या अंकात माझे दोन लेख आलेत ते हेमाने वाचून दाखवले असणार.

जगनचं प्रकरण थोडक्यात लिहून ठेवतो, कारण पुस्तकात तेच मुख्य. साल १९८२. शहाडच्या बाजूला रंगाचा कारखाना होता, आता तिथे टॉवर आहेत. आबा आणि जगन एकाच खात्यात, एकाच शिफ्टला. एका संध्याकाळी आबा जागेवर नव्हते. पाइप फुटला आणि टाकीतलं उकळतं पाणी जगनच्या अंगावर आलं. जगन गेला. आबा तेव्हा गुत्त्यावर दारू पीत बसलेले, असं सगळं मोहने म्हणायचं. आबा त्यावर कधी हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. कामावरून काढलं. मग आयुष्यभर वॉचमनकी. कलावतीबाई म्हणजे जगनची बायको. राहते आमच्याच गल्लीत, समोर. आबा दिसले की आजही दार लावून घेते.

मी हे ऐकतच मोठा झालो. शाळेत ऐकलं, लग्न जमवताना ऐकलं. मी आबांना माफ केलेलं आहे. केव्हाच. पुस्तकाचा गाभा तोच.

हो, पुस्तक. चार पानांचा कागद कसला करायचा. पूर्ण चरित्र करणार. आबांना सांगितलं नाही, सरप्राइज. नावही सुचलं: ‘निळ्या तळहातांचा माणूस’. रंगाच्या कामाने हात निळे व्हायचे. शिवाय निळा आपला. दुहेरी अर्थ.

२ जून

आधी साधन. टॅबलेट आहे. सेलमध्ये घेतलेला, बजेटमधला, पण स्क्रीन छान आहे. अडचण एकच. लिहायला गेलं की स्क्रीनवरचाच कीबोर्ड वर येतो आणि अर्धा स्क्रीन खातो. अर्ध्या स्क्रीनवर माणूस अर्धाच विचार करतो. वेगळा कीबोर्ड हवा. तो आला की लगेच लिहायला घेणार.

दर्शनाने टेबलावर पेन आणून ठेवलं. बोलली काही नाही. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रिपोर्ट हातात द्यायचा आणि गप्प बसायचं ही सवय ती घरीही घेऊन येते.

५ जून

कीबोर्ड ऑर्डर केला. कव्हरवाला. उघडला की लॅपटॉप, मिटला की पुस्तक. रिव्ह्यू सगळे वाचले. एकाने लिहिलंय, लाइफ चेंजिंग.

८ जून, रविवार

मोहन्याला गेलो नाही. कीबोर्ड यायचाय, रिकाम्या हाताने जाऊन काय करणार? हेमाला फोन केला. म्हणाली, आबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. मी म्हटलं, चांगलं आहे, पण शर्टाची गरज नाही, व्हिडिओ नाही करत आहोत आपण. तिने विचारलं, ते सांगतील ते मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवू का? नको म्हटलं. रेकॉर्डिंग बातमीदार करतात. लेखकासमोर माणूस उलगडतो.

हे वाक्य प्रस्तावनेत घ्यायचं.

१२ जून

कीबोर्ड आला. टॅबलेटपेक्षा मोठा. कव्हरमध्ये ठेवल्यावर टॅबलेट थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. आडवा केला की सरकतो, उभा केला की तोंडावर पडतो. जाहिरातीत ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं. दर्शनाचं म्हणणं, मागवायच्या आधी मोजायचं होतंस. लेखकाने आता फूटपट्टी घेऊन बसायचं.

परत पाठवला.

१५ जून, रविवार

घरीच. वाचन चालू आहे. आज नवीन कळलं: महागड्या टॅबलेटच्या कडेला सोनेरी टिपके असतात. त्यांचा कीबोर्ड नुसता टेकवला की आपोआप चालू होतो. आपल्या टॅबलेटला टिपके नाहीत. आपल्याला ब्लूटूथ, म्हणजे रोज नव्याने ओळख करून द्यायची. आपल्या लोकांचं सगळीकडे हे असंच. टिपके दुसऱ्यांना.

हेमाचा मिस्ड कॉल. रात्री करतो.

१६ जून

राहिला.

२२ जून, रविवार

नवा कीबोर्ड घेऊन मोहन्याला गेलेलो. वेगळा आहे, कव्हर नाही, पातळ, दिसायला उत्तम. टॅबलेट आईच्या फोटोला टेकवून ठेवला. आईचा फोटो तेवढ्या उंचीला बरोबर बसतो.

आबा शर्ट घालून तयार. हात मांडीवर. मी हो म्हटल्यावर सुरू झाले. "त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. जगन मला म्हणाला—"

इथे कीबोर्ड गेला. बॅटरी वाचवायला तो आपला आपण झोपतो. उठवला. मग भाषा इंग्रजीवर गेलेली. ‘त्या’ लिहायला गेलो तर एल, डी आणि एक तिरकी रेघ. सेटिंगमध्ये मराठी शोधण्यात बराच वेळ गेला. आबा मध्येमध्ये पुन्हा सांगायचे, जगन मला म्हणाला. मी हाताने थांबवायचो. शेवटी ते दाराबाहेर बघत बसले. समोर कलावतीबाई कपडे वाळत घालत होती. तिची नजर इकडे आली आणि दार लागलं. आबांनी मान खाली घातली.

हेमाने सांगितलं की कलावतीबाईचा मुलगा तिला नाशिकला नेणार आहे. खोली विकली. ऑगस्टच्या शेवटी जाईल. तोवर कागद व्हायला हवा असं आबांचं म्हणणं.

ऑगस्टला अजून भरपूर वेळ. शिवाय घाईत लिहिलेलं साहित्य टिकत नाही.

निघताना आबा म्हणाले, "तू कागदावर लिही ना रे." त्यांच्या पिढीला नव्याची भीती असते. समजून घेतलं.

२९ जून, रविवार

विचारांती लक्षात आलं, दोष कीबोर्डचाच. त्या टकटकीने आबा बिचकतात. साहेबासमोर जबानी दिल्यासारखं वाटत असणार. त्यांना हाताने लिहिणारा माणूस समोर हवा. म्हणजे स्टायलस. पेनसारखा धरायचा, स्क्रीनवर लिहायचं, टॅबलेट आपोआप त्याचे छापील शब्द करतो. कागदाचा जिव्हाळा आणि तंत्रज्ञानाचा वेग.

आबांचंच म्हणणं खरं केलं म्हणायचं. सांगितलं तर खूश होतील.

मोहन्याला गेलो नाही. स्टायलस नव्हता.

५ जुलै

उल्हासनगरला रतनच्या दुकानातून स्टायलस आणला. पुढे रबराचा गोळा. लिहिताना नेमकं कुठे उमटतंय ते गोळ्याखाली दिसत नाही. ‘आबा’ लिहिलं तर भेंडी काढल्यासारखं दिसलं. रतन म्हणालेला, सर, ये तो बच्चों के गेम के लिए है. त्याला माणसाची पारख नाही, म्हणून ऐकलं नाही.

१० जुलै

दुसरा स्टायलस, ऑनलाइन. खरा पेन. दाब ओळखतो, कल ओळखतो, टोक सुईसारखं. पण टॅबलेट त्याला ओळखत नाही. स्क्रीनवर घासला, टेकवला, काही नाही. रतनकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, हा दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटचा पेन. बजेट टॅब में ये सपोर्ट नहीं आता, सर. तो नुसता ‘सर’ लावून बोलतो, पण ‘बजेट’ शब्दावर जोर देतो. मला कळतं.

खोकं फाडलेलं. परत जात नाही.

१३ जुलै, रविवार

पाऊस. शहाडकडून पाणी भरलं असेल या विचाराने निघालो नाही. हेमाला फोन केला तर पाणी कुठेच नव्हतं. पण भरू शकलं असतं.

ती म्हणाली, आबा शर्ट घालत नाहीत आता. तू येतोय असं मी सांगतच नाही. चांगलं केलं. दडपण नको त्यांना.

२० जुलै, रविवार

तिसरा स्टायलस घेऊन मोहन्याला. हा चालतो. अडचण इतकीच की लिहिताना तळहात स्क्रीनला लागला की तोही लिहायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे चित्रकार वापरतात तो काळा ग्लोव्ह. दोन बोटं झाकलेली, तीन उघडी. घालून बसलो.

आबांनी बराच वेळ हाताकडे बघितलं आणि विचारलं, भाजलं का? समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सुरू झाले.

आज बरंच बोलले. म्हणाले की टाकी चढलेली होती, म्हणजे पाणी उकळायला लावलेलं, जगन आणि ते दोघेच खात्यात. तेवढ्यात शांता गेटवर आली. शांता म्हणजे आई. "तुला घेऊन आलेली," म्हणाले. मी लिहिलं. टॅबलेटने ‘टाकी’ची ‘टाळी’ केली, ‘गेट’ची ‘भेट’, आणि जगनचा गगन. टाळी चढलेली होती आणि शांता भेटवर आली. हे असं ठेवून पुढे जाता येईना. दुरुस्त करत बसलो.

शिवाय मला वेगळाच मुद्दा सुचला. मी आबांना म्हटलं, आई गेटवर वगैरे कौटुंबिक भाग नंतर घेऊ. आधी तुमचं लहानपण, गाव, मोहन्याला कसे आलात, असं क्रमाने सांगा. वाचकाला पार्श्वभूमी लागते.

"वाचक कोण?" आबांनी विचारलं. "कलावतीला माहीतेय मी कुठून आलो. एवढंच लिही ना."

साहित्याची जाण नाही, पण त्यात त्यांचा काय दोष. चौथीपर्यंत शिकलेले. मी प्रेमाने समजावलं. ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तोवर स्टायलसची बॅटरी पण उतरलेली.

एकूण प्रगती चांगली.

२७ जुलै

मोहन्याला गेलो नाही, पण काम थांबलेलं नाही. प्रस्तावना पूर्ण. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लंच टाइममध्ये लिहिली होती, आज घरी शेवटचा हात फिरवला. सूर क्षमेचा आहे. ‘माझा बाप एका संध्याकाळी चुकला. व्यसनाने त्याला जागेवरून उठवलं आणि एक संसार उद्ध्वस्त झाला. पण मुलाने बापाचा न्यायाधीश होऊ नये. मी त्याला पदरात घेतो.’ वाचताना माझाच गळा भरून आला.

दर्शनाला वाचून दाखवली. तिने विचारलं, आबांना पिताना तू कधी बघितलंयस? मी म्हटलं, नाही, पण तेव्हा मी सहा वर्षांचा. नंतर सोडली असणार. पश्चात्तापाने. ती म्हणाली, असणार म्हणजे? विचारलंस का?

असा प्रश्न विचारायचा नसतो हे तिला कळत नाही. माणूस दुखावतो. मी एवढी वर्षं विचारलं नाही यातच माझं प्रेम आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आबांचा स्वतःचा फोन. आबा फोन करत नाहीत. म्हणाले, कलावती लवकर निघाली, सोळा तारखेला जाणार. आज ये. पेन घेऊन ये, कागद हेमाकडे आहे. बोलताना दम लागत होता.

मी सांगितलं की काळजी करू नका, शनिवारी सगळा सेट येतोय. यावेळी कीबोर्ड आणि स्टायलस एकाच कंपनीचे, आपल्याच मॉडेलचे, कव्हर मापाचं. शेवटी शोध संपला. रविवारी दहा तारखेला सकाळी हजर होतो, एका बैठकीत करून टाकू. कलावतीबाईला सोळाच्या आधी मिळेल. हवं तर छापून, स्पायरल करून.

"बरं," म्हणाले. फोन ठेवायचं त्यांना जमत नाही, म्हणून पुढचं पण ऐकू आलं. हेमाला म्हणत होते, "नाही येत तो."

रागावलो नाही. म्हातारं माणूस.

९ ऑगस्ट

सेट आला नाही. डिलिव्हरीवाल्याने इथे बाळकुमला पाटीवरचं नाव चुकीचं वाचून आमच्या बाजूच्या कॉम्प्लेक्समध्ये चक्कर मारली आणि ‘ग्राहक घरी नव्हते’ असं लिहून गेला. मी दिवसभर घरीच होतो. कंपनीला तक्रार केली, मोठी. या देशात बसून काही निर्माण करायचं म्हणजे.

उद्या अकरानंतर आणतील.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळपासून थांबलो. ओटीपी सांगायला माणूस घरी लागतो. दर्शना म्हणाली, वॉचमनला सांग, चल आपण जाऊ. मी म्हटलं, आणि लिहायचं कशावर? तिने माझ्याकडे बघितलं आणि पर्स घेऊन एकटीच मोहन्याला गेली.

सेट चार वाजता आला. निर्दोष. कव्हर नेमकं बसतं. बटणांवर मराठी अक्षरं, ‘ळ’सुद्धा. स्टायलस टेकवला की उमटतो, तळहात लागला तरी काही होत नाही. ‘टाकी’ लिहिलं, ‘टाकी’ आलं. ‘गेट’ आलं. जगनचा जगन. पुन्हा पुन्हा लिहून बघितलं. डोळ्यात पाणी आलं म्हटलं तरी चालेल.

दर्शना संध्याकाळी आली. डोळे लाल. शहाडच्या पुलावर धूर फार असतो. सेट दाखवला. तिने बघितला नाही. म्हणाली, आबांनी मला काही सांगायला मना केलंय, तूच जा आणि त्यांना विचार.

थोडी असूया असावी. माझं आता खरंच होणार हे दिसतंय ना.

१२ ऑगस्ट

ऑफिसमध्ये सेट सगळ्यांना दाखवला.

१५ ऑगस्ट

सुट्टी होती. जाता आलं असतं, पण रविवार ठरलेला. सेट पूर्ण चार्ज करून ठेवला. कलावतीबाई उद्या जाणार हे लक्षात आहे. नाशिक काही परदेश नाही. पोस्टाने पाठवू.

१७ ऑगस्ट, रविवार

मोहन्याला गेलेलो. सेट घेऊन. समोरच्या दाराला कुलूप.

टेबल पुसलं. टॅबलेट उभा केला, कीबोर्ड लावला, स्टायलस बाजूला. सगळं पहिल्या झटक्यात चालू. आबा पलंगावर बसलेले. अंगात बनियन. मी म्हटलं, आबा, बोला. आता काही अडत नाही.

म्हणाले, "सांगून झालं."

कोणाला? म्हणाले, ज्यांना सांगायचं होतं त्यांना.

मी म्हटलं, ठीक आहे, आता मला सांगा, मी लिहितो. म्हणाले, कशाला? आता लिहून कोणाला द्यायचंय? मी म्हटलं, पुस्तक. पहिल्यांदाच त्यांना पुस्तकाचं बोललो. नाव पण सांगितलं. त्यांनी तळहात उलटे करून बघितले आणि हसले. हसले म्हणजे कसे ते लिहिता येत नाही. मग म्हणाले, मनावर घेऊ नको, मला आता झोपू दे.

हेमाला आत जाऊन विचारलं. म्हणाली, दादा, वहिनीला विचार. मला नाही सांगता येणार, मी रडेन.

बराच वेळ बसलो. सेट आपोआप झोपला.

१८ ऑगस्ट

काल रात्री दर्शनाने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो. यात माझं काही घालत नाही.

दहा तारखेला, रविवारी दुपारी आबा म्हणाले की मीच जातो. हेमाने आणि दर्शनाने दोन बाजूंनी धरून त्यांना गल्ली ओलांडून नेलं. कलावतीबाईने बघितलं आणि दार लावलं. आबा तिच्या पायरीवर बसले. उठायला तयार नाहीत. बंद दाराकडे बघून बोलायला लागले. दर्शना आणि हेमा बाजूला उभ्या.

त्या दिवशी संध्याकाळी आई गेटवर आली ती मला उचलून. मला ताप चढलेला आणि आकडी आलेली. डोळे पांढरे. गल्लीत कोणी पुरुष नव्हता, म्हणून कारखान्यावर धावत आली. आबांनी सुपरवायझरला शोधलं, तो सापडला नाही. जगन आबांना म्हणाला, "कुंडलिक, तू जा. पोराला बघ. दोन्ही टाक्या मी बघतो." आबा मला घेऊन उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात गेले. सकाळी मी डोळे उघडले. मग ते परत आले तेव्हा त्यांना गेटवर जगनचं कळलं.

चौकशी झाली. कुठे होतास? आबा बोलले नाहीत. कोणीतरी म्हणालं, गुत्त्यावर असेल. आबांनी ते तसंच राहू दिलं. आईलाही बोलू दिलं नाही.

एवढं झाल्यावर दार उघडलं. कलावतीबाई आतच उभी. तिने विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंस?

आबा म्हणाले, "पोरगा तुझ्या दारावरून शाळेत जायचा. लोकांनी त्याला बोट दाखवलं असतं. म्हटलं, मला दाखवू दे."

ती उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "बरं केलंस. तेव्हा सांगितलं असतंस तर मी त्याच्या तोंडावर पण दार लावलं असतं."

मग तिने पाणी दिलं. आबा पाणी प्यायले. हेमाने आणि दर्शनाने त्यांना घरी आणलं. सोळा तारखेला टेम्पो निघताना कलावतीबाई आमच्या दारात आली आणि उभ्या उभ्या जयभीम घालून गेली. हे हेमाने दर्शनाला फोनवर सांगितलं.

मी दर्शनाला विचारलं की आबांनी हे मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तुलाच सांगत होते. जूनपासून.

२४ ऑगस्ट, रविवार

कुठे गेलो नाही.

प्रस्तावना उघडली. ‘मी त्याला पदरात घेतो’ इथपर्यंत वाचली. पुसून टाकली. टॅबलेटने विचारलं, नक्की का. हो म्हटलं. मग आठवलं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक कॉपी आहे. सोमवारी ती पण.

मग वाटलं की आता खरं पुस्तक लिहिता येईल. आता तर विषय आणखी मोठा झाला. सेट उघडला. ‘त्या दिवशी’ असं लिहिलं. पुढे काय ते सगळं दर्शनाचं ऐकलेलं. जगन दिसायला कसा होता, बुटका की उंच, मला माहीत नाही. आई रडत आली की गप्प आली, माहीत नाही. आबांनी मला खांद्यावर घेतलं की छातीशी धरलं, माहीत नाही. टाकी म्हणजे केवढी. ‘त्या दिवशी’ या दोन शब्दांपुढे कर्सरची काठी लुकलुकत राहिली.

दर्शना आत आली, बघितलं, दिवा लावून गेली.

३१ ऑगस्ट, रविवार

मोहन्याला गेलो. काही घेऊन गेलो नाही.

हेमा बाजारात निघालेली. आबा म्हणाले, आलायस तर दाढी करून दे, हेमाला घाबरत घाबरत करावी लागते, तीन ठिकाणी कापते. खुर्ची उजेडात घेतली. गळ्याला टॉवेल लावला. साबण फेसवला. एवढ्या जवळून त्यांचा चेहरा आधी कधी बघितल्याचं आठवत नाही. कातडी हाताने ताणल्याशिवाय ब्लेड चालत नाही, इतकी सैल झालीय.

एक गाल झाल्यावर मी म्हटलं, आबा, दर्शनाने सांगितलं.

डोळे मिटलेलेच होते. "हं," म्हणाले.

पुढे काय बोलायचं ते येताना रिक्षात नीट ठरवलेलं. ब्लेड पाण्यात हलवत राहिलो.

मग त्यांनीच विचारलं, "तुला आठवतं का रे काही? त्या दिवसाचं?"

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. म्हणालो, "नाही. काहीच नाही."

"बरंय," म्हणाले, आणि दुसरा गाल पुढे केला.